शंभर रुपयांत स्वयंपाकघराचं राज्य

घरी केक करून विकायचं कुणी मनावर घेतलं, की वलगावात तिला दोन सल्ले फुकट मिळतात. पहिला, अंड्याचा करू नको. दुसरा, 'लायसन-बियसनच्या भानगडीत पडू नको, माय. सरकार एकदा घरात घुसलं का मंग निंगत नाही.' पहिल्या सल्ल्याकडे नंतर येऊ. दुसरा सल्ला देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अमरावतीहून आलेला एक साहेब असतो. तो जीपमधून उतरतो, चपला न काढता स्वयंपाकघरात शिरतो, एकेक डबा उघडतो आणि तुरीच्या डाळीत लपवलेले घरखर्चातले पैसे सर्वांदेखत बाहेर काढतो. भीती खरी आहे. फक्त ती कायदा न वाचलेल्याची आहे. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६चा. ५ ऑगस्ट २०११पासून तो प्रत्यक्षात लागू झाला. त्याच्या परवाना-नोंदणीच्या नियमांना जोडलेलं चौथं परिशिष्ट कुणी दुपारच्या निवांत वेळी वाचलं, तर ध्यानात येईल की हे नियम केक करणाऱ्या बाईच्या विरोधात लिहिलेलेच नाहीत. ते घरातल्या बाकीच्यांच्या विरोधात आहेत. ज्या घरात सातबारा सासऱ्यांच्या नावावर, नमुना आठ नवऱ्याच्या नावावर आणि वीजबिल अजूनही कैलासवासी आजेसासऱ्यांच्या नावावर येतं, तिथे स्वयंपाकघरात कुणी काय करायचं नाही हे बाईला सांगू देणारा पहिला सरकारी कागद म्हणजे ही नोंदणी. आणि तिची फी वर्षाला १०० रुपये, असं २०११च्या नियमांनी ठरवलं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीने शेत बायकोच्या नावावर केलं, उज्ज्वलेने शेगडी बाईच्या नावावर केली, तरी ओट्याशी उभं राहून 'इथून बाजूला व्हा' म्हणण्याचा हक्क कुणीच दिला नव्हता.

कागदाचं काम तर लग्नपत्रिका छापण्याहूनही सोपं आहे. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल, तर त्या नियमांनी परवाना मागितलाच नाही, नोंदणी पुरे. फोटो, ओळखपत्र, 'फॉसकॉस' या संकेतस्थळावर एक अर्ज. सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यावी, कारण सांगून नाकारावी किंवा पाहणीची नोटीस काढावी. तीस दिवसांत यातलं काहीच घडलं नाही, तर अर्जदाराने खुशाल भट्टी पेटवावी. मग येतो चौदा आकड्यांचा क्रमांक, नोंदणीवाल्यांचा दोनने सुरू होणारा. १२ लाख म्हणजे किती, याचाही हिशेब करून पाहावा. किलोला ५०० रुपये धरले तर वर्षाला २४०० केक, म्हणजे रोजचे सहा-सात. एवढे वाढदिवस वलगावात रोज निघायचे तर शेजारच्या गावांतूनही माणसं जन्माला घालून आणावी लागतील. तेव्हा मर्यादा ओलांडण्याची चिंता तूर्त कुणी करू नये. राहतो तो 'मी कुठं धंदा करते, ओळखीपाळखीत देते' हा युक्तिवाद. कायदा करणाऱ्यांनी तो आधीच ऐकलेला दिसतो, कारण अन्नव्यवसायाच्या व्याख्येतच 'नफ्यासाठी असो वा नसो' असं लिहून ठेवलंय. घरचा केक विकणाऱ्या बहुतेकींना पहिली दोन वर्षं नफा होत नाहीच. आत्याबाईंच्या मैत्रिणीच्या नातवाला अर्ध्या किलोचे पैसे कसे मागायचे, या संकोचावर तर कुठल्याच कायद्यात उपाय नाही. पण अन्नव्यवसाय मात्र तोही.

आता त्या परिशिष्टाकडे वळू. छोट्या व्यावसायिकांसाठीचा त्याचा पहिला भाग वाचताना वाटतं, की दिल्लीतल्या कुणा सचिवाने वऱ्हाडातल्या एकत्र कुटुंबात महिनाभर मुक्काम करून तो लिहिला असावा. अन्न हाताळण्याच्या जागी खाऊ नये, चघळू नये, धूम्रपान करू नये, थुंकू नये, नाक शिंकरू नये. यातलं एकेक क्रियापद घरातल्या एकेका माणसाला उद्देशून आहे. 'चघळू नये' हे तर थेट त्या नवऱ्याला, जो खर्र्याची पुडी तळहातावर घोटत फ्रिजला टेकून उभा राहतो आणि क्रीम किती घट्ट झालं यावर भरल्या तोंडाने मत देतो. अंग आणि केस खाजवू नयेत, हे कलम दुपारी झोपेतून उठून थेट चहा विचारायला आत येणाऱ्या मामाजींसाठी. कामाला लागण्याआधी साबणाने हात धुवावेत, हे बोट घालून चव पाहणाऱ्या पोट्ट्यांसाठी. खिडक्या-दारांना जाळी हवी. आणि धंदा चालू असताना फवारा मारू नये, माश्या फटक्याने माराव्यात. हो, भारत सरकारने हे खरोखर लिहिलंय! सज्ञान राष्ट्राने राजपत्रात माशी मारण्याची पद्धत सांगावी, याला हसणारे हसोत. पण ओट्यावर उघडा केक आणि शेजारी फुसफुसणारा डबा असं दृश्य ज्यांनी पाहिलंय, ते हसणार नाहीत. सैल दागिने टाळावेत, असंही त्यात आहे. बिनबांगड्यांच्या हातांवरून सासू-सुनांत होणारा वाद आता निदान दोघींचा राहत नाही. एका बाजूने केंद्र सरकार पक्षकार म्हणून हजर होतं. एक ओळ मात्र अजिबात विनोदाची नाही. कीटकनाशकं आणि जंतुनाशकं वेगळी ठेवावीत. कपाशीच्या मुलखात औषधाच्या बाटल्या धान्याच्या कोठीशेजारी किंवा जिन्याखाली मुक्कामाला असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हा या औषधाची ताकद वेगळी सांगायची गरज उरली नाही. केकचं निमित्त होऊन ती बाटली घराबाहेरच्या कुलूपबंद पेटीत गेली, तर शंभर रुपये तिथेच फिटले.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो आणि जरा दुखावलेल्या आवाजात येतो. 'आमच्या घरात काय घाण हाय काय?' नाही. वऱ्हाडी घर सकाळी उठून सडा-सारवण करतं, पितळ चिंचेने घासतं, ओटा दिवसातून चारदा पुसतं. प्रश्न इतकाच, की चारही वेळा त्याच एका फडक्याने पुसतं. आपली स्वच्छतेची समज डोळ्यांची आहे. चकाकलं की झालं. आणि त्याहून जुनी समज आहे ती सोवळ्याची. सोवळ्यातल्या स्वयंपाकघराचे नियम चौथ्या परिशिष्टापेक्षा कडक होते, पण ते येणाऱ्याला विचारायचे तू कोण. नोंदणीचा कायदा विचारतो, हात धुतलेस का. पहिल्या प्रश्नाने जंतूंचं कधी काही बिघडलं नाही, माणसांचं मात्र फार बिघडलं. या बाबतीत वलगावला बोलण्याचा थोडा जास्त अधिकार आहे. २० डिसेंबर १९५६ला अमरावतीकडे येताना गाडगेबाबांनी देह ठेवला तो याच गावाजवळ, पेढी नदीकाठी. गावात पाऊल ठेवताच खराटा हातात घेणारा, शिवाशीव न मानणारा हा माणूस. त्याच्या नावाने महाराष्ट्रात २०००-०१पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, गावांत चढाओढ लागली, रस्ते, गटारं, शाळा, चावडी यांना गुण मिळाले, बक्षिसं वाटली गेली. पण घराच्या उंबऱ्याआड शिजणाऱ्या अन्नाची नोंदणी अभियानाने मागितली नाही. ते योग्यही होतं, कारण घरातलं अन्न घरातलेच खात होते. ज्या दिवशी तो केक किराणा दुकानाच्या काउंटरवर जाऊन बसतो, त्या दिवशी उंबरा पुढे सरकतो. एवढी साधी गोष्ट मान्य केली, की अपमान वाटण्याचं कारण उरत नाही.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. पिढ्यान्‌पिढ्या आपण भाजून खात आलो, गोवऱ्यांच्या आहारात रोडगे भाजले, राख झटकली, तूप ओतलं, वांग्याच्या भाजीबरोबर पंगती उठवल्या. कुणाला काही झालं नाही, मग या केकचंच काय एवढं कौतुक? आक्षेप वजनदार आहे. युरोपातून भट्टी यायच्या कितीतरी आधी वऱ्हाडात भाजण्याची कला होती, हेही खरं. पण रोडगा निखाऱ्यातून निघतो तो थेट पानात पडतो. त्याच्यावर जंतूंनी संसार मांडायला मध्ये वेळच नसतो. केकचा नुसता गोळाही तसा बापडा असतो; बिघडवते ती त्याच्यावरची क्रीम. सर्वसाधारण नियम असा, की ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून नाशवंत अन्न एकतर त्याखाली थंड ठेवावं नाहीतर त्यावर गरम. या पट्ट्यात मे महिन्यातला अख्खा अमरावती जिल्हा माणसांसकट बसतो. पंचेचाळीस अंशांत दुपारी दोनला वीज गेली, की फ्रिजचं कपाट होतं आणि तीन थरांच्या केकचं श्रीखंड. मग तोच फ्रिज वीज आल्यावर पुन्हा थंड होतो, क्रीम पुन्हा घट्ट दिसते आणि डोळ्यांची स्वच्छता मानणाऱ्या घराला वाटतं, संकट टळलं. नोंदणीच्या कागदाने वीज येत नाही, हे कबूल. पण आतलं तापमान किती होतं हे पाहायला एक साधा थर्मामीटर लावायची सवय लागली, तर 'चालते न वो' हा निकाल देण्याचं काम जिभेकडून काढून घेता येतं. (जाता जाता, भंडाऱ्यांनी फार निर्धास्त राहू नये. धार्मिक किंवा सामाजिक प्रसंगी अन्न वाटणारेही त्या २०११च्या नियमांतल्या छोट्या व्यावसायिकाच्या व्याख्येत आहेत. रोडगा सुटला, असं समजू नये.)

रंगांचं प्रकरण तर याहून बोलकं. लहान मुलाला निळा केक हवा असतो, कारण निसर्गात निळं खायला काही मिळत नाही. परवानगी असलेले कृत्रिम रंग आहेत, त्यांची बहुतेक पदार्थांतली मर्यादा दहा लाख भागांत १०० भाग, म्हणजे किलोला एक दशांश ग्रॅम. घरातल्या चमच्यांत एवढं मोजणारा चमचा नसतो. तिथे 'अंदाज' नावाचं माप चालतं, आणि भाजीत ते कधी चुकत नाही म्हणून रंगातही चुकणार नाही अशी गृहिणीची श्रद्धा असते. कर्नाटकच्या अन्नसुरक्षा विभागाने २०२४मध्ये केकचे २३५ नमुने तपासले, त्यांतल्या १२ नमुन्यांत कृत्रिम रंग धोकादायक प्रमाणात निघाले. रेड व्हेल्व्हेट आणि ब्लॅक फॉरेस्टची नावं त्यात होती. ती दुकानं होती, घरं नव्हती, असं कुणी म्हणेल. बरोबर, पण दुकानात निदान काटा असतो. आणि मला न सुटलेलं कोडं वेगळंच आहे. वरूड-मोर्शीची संत्री ट्रकांनी देशभर जातात, केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अमरावती जिल्ह्याचं उत्पादन म्हणून संत्र्याचीच निवड झाली आहे, त्या योजनेने खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान देऊ केलं. तरी इथल्या ऑरेंज केकात संत्रं सोडून बाकी सगळं असतं. बाटलीतल्या इसेन्सचे चार थेंब आणि केशरी रंग. संत्र्याची साल किसून घातली तर रंगाच्या मर्यादेचा प्रश्नच मिटतो, पण मग गिऱ्हाईक म्हणतं, 'हा फिका काऊन दिसून राह्यला?'

खोक्यावर चिकटवायच्या कागदाचा, म्हणजे लेबलचा विषय आला की गृहिणीचं आणि कायद्याचं खरं भांडण सुरू होतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. म्हणजे सासूबाईंकडून आलेली, लग्नाआधी कुणाला न सांगितलेली गुप्त कृती लोकांपुढे येते, ती अशी : साखर, मैदा, वनस्पती तेल. साखर पहिली आहे हे करणारीलाही ठाऊक नसतं. ते लिहायला लागल्यावर कळतं. मग दुधाची, गव्हाची, सोयाबीनची, दाण्यांची ॲलर्जी असलेल्यांसाठी सूचना. मग ते चिन्ह. अंडं कायद्याच्या दृष्टीने मांसाहारात मोडतं, आणि २०२०च्या नियमांनी मांसाहाराचं चिन्ह तपकिरी ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण केलं. सुरुवातीचा पहिला सल्ला इथे कळतो. एका अंड्यापायी खोक्यावर त्रिकोण आला, की गावातली निम्मी गिऱ्हाइकं गळतात आणि उरलेली निम्मी रात्री आठनंतर, मागच्या दाराने मागणी नोंदवतात. शेवटी येतो खरा घाव. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांविषयीच्या २०१८च्या नियमांनी 'घरगुती', 'घरी बनवलेलं' अशा, ग्राहकाची दिशाभूल करू शकणाऱ्या शब्दांना मज्जाव केला. 'ताजं' हा शब्दही धुतलेल्या, सोललेल्या, चिरलेल्या, थंड केलेल्या पदार्थांपुरता ठेवला. भाजलेला केक त्या अर्थाने कधीच ताजा नसतो. 'पारंपरिक' म्हणायचं तर पिढ्यांचा वापर दाखवावा लागतो. महाराष्ट्रात कारखान्यात यंत्रांवर लाटलेले पापड 'घरगुती' म्हणून विकले जातात आणि खरोखर घरात केक करणारीने तो शब्द जपून वापरायचा, यातला अन्याय कुणालाही दिसेल. पण मनाशी विचार केला तर हे तिच्या फायद्याचंच आहे. 'घरगुती' या शब्दावर आजवर गिऱ्हाईक घासाघीस करत आलंय. घरचंच तर आहे, मजुरी कसली, म्हणून. तो शब्द खोक्यावरून गेला की मजुरी मागायची वाट मोकळी होते. प्रेमाने केलं, असं लिहायला लेबलवर रकाना नाही, हेही त्याच अर्थाने चांगलं. प्रेमाचे पैसे कुणी देत नाही.

एका ठिकाणी मात्र मी कायद्याची बाजू तेवढ्या उत्साहाने घेणार नाही. परिशिष्ट म्हणतं, पिण्यायोग्य पाण्याचा अखंड पुरवठा हवा. पुरवठा खंडित असेल तर साठवणीची सोय हवी. शहरात बसून हे वाक्य फार सोपं वाटतं. वलगावच्या पश्चिमेला भातकुली-दर्यापूरकडे सरकलं की पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो, जिथे विहिरीला पाणी लागल्याचा आनंद ते तोंडात घेईपर्यंतच टिकतो. तिथल्या बाईने टाकी बांधावी, झाकण लावावं, गाळणी बसवावी, हे ठीक. पण नळाला चार दिवसांनी येणाऱ्या पाण्याची जबाबदारी तिच्या शंभर रुपयांच्या नोंदणीवर ढकलणं म्हणजे सरकारने आपलं काम तिच्या ओट्यावर ठेवून जाणं. तरीही नियमच नकोत, असं यातून निघत नाही. जे देश स्वातंत्र्याचे गोडवे गातात त्यांचंही पाहावं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात घरी भाजलेली बिस्किटं विकणं २०२१च्या ऑक्टोबरपर्यंत बेकायदाच होतं. विस्कॉन्सिनमध्ये घरी बेकिंग करणाऱ्या बायकांना त्यासाठी कोर्टात जावं लागलं आणि २०१७मध्ये निकाल मिळाला. कॅलिफोर्नियाचा घरगुती अन्नाचा कायदा २०१३पासूनचा. यांच्या तुलनेत भारताने २०११मध्येच घरच्या ओट्याला शंभर रुपयांत मान्यता देऊन टाकली होती. फक्त तिचा फायदा घ्यायला आपल्याला २०२०ची टाळेबंदी लागली, जेव्हा बेकऱ्या बंद, वाढदिवस चालू आणि मोबाइलवर केकचे व्हिडिओ संपता संपेनात.

'पण तपासायला येते कोन?' हा शेवटचा आक्षेप, आणि तो विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर विजयाचं हसू असतं. खरं आहे. अन्न व औषध प्रशासनाच्या मूठभर अधिकाऱ्यांना जिल्ह्यातली खवा-पेढ्याची दुकानं, तेलाचे घाणे, हॉटेलं, सणासुदीची भेसळ हे सगळं पाहून झाल्यावर वलगावच्या एका ओव्हनपाशी यायला सवड मिळेल, अशी आशा नको. पण हा आक्षेप घेणाऱ्याने घरातली पाहणीयंत्रणा विसरलेली असते. मामाजी नोंदणीचा कागद चष्मा लावून सगळा वाचतात, चौकट करून भिंतीवर लावतात आणि आल्यागेल्याला दाखवतात. भिंतीवर लागलेल्या सरकारी कागदाला त्यांच्या पिढीने कधी आव्हान दिलेलं नाही. त्यामुळे 'खाजवू नका' हे सुनेने म्हटलं तर उद्धटपणा, पण कागदाने म्हटलं तर शासन-निर्णय. जाऊबाई डब्यावरची तारीख पाहतात, कारण त्यांना चूक शोधायची असते, आणि चूक शोधणाऱ्याइतका नेमका अधिकारी कुठल्याही खात्यात सापडत नाही. शेजारीण खोक्यावरचे चौदा आकडे मोजते. २०११च्या त्या नियमांनी नोंदणीची मुदत १ ते ५ वर्षांत अर्जदारानेच ठरवायची ठेवली. बहुतेकजणी 'पाहू एक वरीस' म्हणून शंभर भरतात. एखादी पाच वर्षांचे पाचशे एकदम भरून येते, तेव्हा तिच्या सासूबाईंनी फ्रिजमधलं आपलं लोणचं, विरजण आणि औषधाच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात हलवायच्या, ते त्याच संध्याकाळी ठरवून टाकावं.